भाऊ, त्या कोपऱ्यातल्या तंबूबद्दल

भाऊ आणि वहिनी, नमस्कार.

डिसेंबरात एका शनिवारी आम्ही तिघं नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला तुमच्या तंबूंत राहून गेलो. कानांवर मोठे निळे हेडफोन लावलेला मुलगा म्हटलं की लगेच आठवेल तुम्हाला. निघताना माझा घसा दाटून आला होता, म्हणून नुसतं "येतो" एवढंच म्हणाले. राहिलेलं आता लिहिते, आणि सगळ्यांसमोर लिहिते. आमच्यासारख्या आणखी कितीतरी घरांना ते कळायला हवं.

आमचा लेक सात वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. आपल्याला जो आवाज साधा वाटतो तो त्याच्या अंगावर येतो. मिक्सर, कुकरची शिट्टी, गाडीचा हॉर्न, काहीही. दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या ठिकाणी असेच हौसेने राहायला गेलो होतो. रात्री साडेअकराला तिथे डीजे सुरू झाला. लेक कान दाबून बाथरूममध्ये जाऊन बसला. आवाज कमी करा म्हणून विनवायला गेले, तर "असा मुलगा आहे तर घरीच राहायचं ना" हे ऐकून परत आले. त्याच रात्री सामान गुंडाळून घरी आलो आणि त्यानंतर कुठे गेलोच नाही.

म्हणून तुम्हाला फोन केला तेव्हा आधीच सगळं सांगून टाकलं. तुम्ही थोडं थांबलात आणि एकच विचारलंत, "ताई, त्याला कोणकोणता आवाज चालत नाही तेवढं सांगा." त्याच्या सात वर्षांत इतका कामाचा प्रश्न आम्हाला फार थोड्या जणांनी विचारला आहे.

आलो तर जनरेटरपासून सगळ्यात लांबचा, पाण्याच्या बाजूचा कोपऱ्यातला तंबू आमच्यासाठी ठेवलेला. वाऱ्याने वरचं कापड फडफडू नये म्हणून दोऱ्या ताणून बांधलेल्या. लेक आत शिरला, मी तंबूची चेन ओढली, तिचा चर्र आवाज झाला आणि त्याने किंकाळी फोडली. चेनचं मला सुचलंच नव्हतं. तुम्ही काही न बोलता गेलात, मेणबत्तीचा तुकडा घेऊन आलात आणि चेनच्या दातांवर वरपासून खालपर्यंत घासलात. मग ती हळू ओढून दाखवलीत, लेकाच्या हातात दिलीत. त्याने ती वीसेक वेळा उघडली, मिटली. आवाज जवळजवळ नाहीच. तेव्हा कुठे त्याने हेडफोन काढले.

शेजारच्या तंबूत एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांनी स्पीकर आणला होता. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मला ठाऊक नाही. स्पीकर बंद झाला, आणि सकाळी त्या मुलीने लेकाच्या हातात द्राक्षांचा छोटा घोस ठेवला. त्या दोघांनाही या पत्रातून धन्यवाद.

वहिनी, तुमची नागलीची भाकरी आणि खुरसणीची चटणी अजून जिभेवर आहे. लेक पांढरा भात सोडून काही खात नाही. त्याला तुम्ही आग्रह केला नाहीत, भात वेगळ्या ताटलीत दिलात आणि भाकरीचा तुकडा नुसता शेजारी ठेवलात. तो त्याने खाल्ला. आईला हे केवढं असतं, तुम्हाला सांगायला नको.

रात्री थंडी मी म्हणत होती. शेगडी आत नेऊ का विचारलं तर भाऊ, तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात. बंद तंबूत निखारे ठेवले तर माणूस झोपेतच गुदमरतो, हे त्या दिवशी पक्कं डोक्यात बसलं. वरची फट उघडी ठेवायला सांगितलीत, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे टपटप गळते. तोही एक आवाजच की. गरम पाण्याच्या पिशव्या आणि दोन जादा गोधड्या तुम्ही आणून दिल्यात. बाहेर मृग नक्षत्र वर आलं होतं. व्याधाने मारलेला मृगाच्या पोटातला बाण वहिनींनी लेकाला दाखवला. त्याने बोटाने तीन तारे मोजले, मोठ्याने. तो फार कमी बोलतो.

पहाटे तुम्ही त्याला काठावर घेऊन गेलात. "पोरगं माझ्याजवळ आहे, तुम्ही दोघं निवांत चहा घ्या," म्हणालात. काळे चांदवे पाण्यावर तरंगत होते, कपाळावर पांढरा ठिपका असलेले. तुम्ही त्यांना वारकरी म्हणता. लेक तुमच्या शेजारी उकिडवा बसून ते बघत होता. मी आणि माझे यजमान तंबूच्या दारात बसलो होतो, समोर त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर धुक्यातून मोकळे होत होते. लेक झाल्यापासून आम्ही दोघं एकाच वेळी गरम चहा प्यायलेलो नव्हतो. कुणीतरी एक त्याच्यामागे असायचंच. त्या दिवशी तासभर बसलो. फारसं बोललोही नाही. यजमानांनी माझा हात हातात घेतला होता.

जाता जाता तुम्ही सहज बोलून गेलात की धरण झालं तेव्हा तुमच्या आजोबांचं शेत या पाण्याखाली गेलं. फार जुनी ती गोष्ट. आमच्या नाशिकला गंगापूरचं पाणी येतं, इतकी वर्षं आम्ही ते पितोय आणि हा विचार कधी मनात आला नव्हता. आजोबांना माझा नमस्कार पोचवता येणार नाही, म्हणून तो तुम्हालाच करते.

फेब्रुवारीत पुन्हा येतोय. कोपऱ्यातलाच तंबू ठेवा. घरातल्या सगळ्या दप्तरांच्या, स्वेटरांच्या चेनना लेकाने मेण लावून झालंय. आता मेणबत्ती खिशात घालून तो तुमच्या बाकीच्या तंबूंसाठी निघाला आहे.

तुमची,
निळ्या हेडफोनवाल्याची आई