एकटीचं तिकीट आणि परस्पर बदललेली जागा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
तिकीट विक्री विभाग

विषय : आरक्षित आसन न विचारता बदलल्याबद्दल तक्रार आणि फरकाच्या रकमेची मागणी

महोदय / महोदया,

माझ्या आवडत्या इंडी बँडच्या कार्यक्रमाचं एक तिकीट मी आपल्या ॲपवरून काढलं होतं. पैसे भरल्यावर आलेल्या ईमेलमध्ये आसन क्रमांक स्पष्ट लिहिलेला आहे : साउंड कन्सोलच्या, म्हणजे जिथून सगळ्या वाद्यांचा आणि गळ्यांचा आवाज कमी-जास्त करतात त्या टेबलाच्या, पुढची रांग, कडेची खुर्ची. कार्यक्रमाच्या दिवशी दारावर तिकीट स्कॅन झालं तेव्हा त्याच तिकिटावर वेगळाच क्रमांक दिसला. स्टेजच्या उजव्या अंगाला, स्पीकरच्या थप्पीला लागून असलेली खुर्ची. मला फोन नाही, मेसेज नाही, ईमेल नाही.

मी जुना ईमेल दाखवला. दारावरच्या कर्मचाऱ्याने टॅब्लेटवर पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, एका ग्रुपला एकत्र बसायचं होतं, म्हणून सिस्टीमने तुमची सीट हलवलीय. तुम्ही एकट्याच आहात ना, तुम्हाला कुठेही चालेल." त्याच्यावर माझा राग नाही. मागे रांग खोळंबली होती आणि जागा बदलण्याचा अधिकार त्याच्या हातात नव्हता. माझी तक्रार आपल्याविरुद्ध आहे, कारण "एकटी आहे, कुठेही चालेल" हे त्याच्या आधी आपल्या यंत्रणेने ठरवून टाकलं होतं.

मला कुठेही चालणार नव्हतं. ती खुर्ची मी विचार करून निवडली होती. ध्वनी अभियंता कन्सोलवर बसून जे ऐकतो, त्यावरच गायकाचा आवाज, गिटार आणि ड्रम यांचं प्रमाण ठरवतो. त्यामुळे त्याच्या आसपास बसलेल्याला गाणं साधारण तसंच ऐकू येतं. स्पीकरच्या कडेला हे सगळं बिघडतं. खर्जाचा आवाज सगळीकडे पसरतो, पण उंच स्वर स्पीकरच्या तोंडासमोरच नीट पोचतात. म्हणजे बाजूला बसणाऱ्याच्या वाट्याला बेसचा दणका येतो आणि शब्दांची धार निघून जाते. ज्या बँडची सगळी ताकद शब्दांत आहे, त्यांचे शब्दच मला लागत नव्हते. गाणी पाठ होती म्हणून ओळी जुळवता आल्या. नव्या गाण्यांचं काय करायचं? त्यातली दोन-तीन त्यांनी अजून रेकॉर्डही केलेली नाहीत, ती फक्त तिथेच ऐकायला मिळणार होती.

मध्यंतरानंतर गायिका माइक सोडून स्टेजच्या पुढच्या कडेला येऊन बसली आणि नुसत्या अकूस्टिक गिटारवर गायली. सभागृहात कुणी खोकलंही नाही. माझ्या कानाशी मात्र ॲम्प्लिफायरच्या पंख्याची घरघर चालू होती. गाणं संपून टाळ्या पडल्या तेव्हा शेवटचं कडवं झालं हे मला कळलं.

आवाजाच्या पातळीबद्दलही लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जे मानक जाहीर केलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना इअरप्लग मिळावेत आणि कानांना विसावा द्यायला शांत जागा असावी, असं म्हटलं आहे. त्या खुर्चीत आवाज किती होता हे मी मोजलेलं नाही. पण मी इअरप्लग मागितले तेव्हा "आमच्याकडे नसतात" एवढंच उत्तर मिळालं, आणि कान दुसऱ्या दिवशीही वाजत होते. श्रोत्याला स्पीकरला खेटून बसवायचं असेल तर निदान एवढी सोय ठेवायला हवी.

एकट्या ग्राहकाशी आपली यंत्रणा असं का वागते, याची सुरुवात तिकीट काढतानाच दिसली होती. मी आधी रांगेच्या मधली खुर्ची निवडत होते. ॲपने ती घेऊ दिली नाही, का तर शेजारी एक खुर्ची सुटी राहते. मी काही न बोलता कडेची घेतली. सुटी खुर्ची विकली जात नाही, ही आपली अडचण मला समजते. पण एकटा माणूस म्हणजे ग्रुपमधली उरलेली फट बुजवायचं सामान नव्हे. मीही त्या रांगेचं पूर्ण पैसे देऊन तिकीट काढलं होतं. ग्रुपमधल्या कुणालाही त्याची जागा न विचारता बदललेली चालली नसती, आणि आपण तसं केलंही नसतं.

मी गाण्यांना एकटी जाते, कारण मला ऐकायचं असतं. शेजारच्याला आवडतंय का, तो कंटाळलाय का, याकडे लक्ष द्यावं लागत नाही. एखाद्या ओळीला डोळ्यांत पाणी आलं तर कुणाला कारण सांगावं लागत नाही. या बँडमागे मोठी कंपनी नाही. स्वतःच्या पैशांनी रेकॉर्डिंग करणारी, जमेल तेव्हाच दौरा काढणारी ही मंडळी आहेत. त्यांचा पुढचा कार्यक्रम कधी होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून "पुढच्या वेळी चांगली सीट देऊ" हे आपल्या ग्राहक सेवेचं आश्वासन मला मान्य नाही.

त्याच ग्राहक सेवेने लेखी कळवलं की, प्रवेश मिळालेला असल्याने परतावा लागू होत नाही. माझं म्हणणं प्रवेशाबद्दल नाहीच. मी एका ठरावीक खुर्चीचे पैसे दिले आणि आपण ती दुसऱ्याला दिली. दोन्ही रांगांच्या तिकीट दरांतला फरक आणि पूर्ण सुविधा शुल्क मला परत मिळावं. माझं आसन कोणत्या नियमाखाली आणि कुणाच्या मंजुरीने बदललं, ते लेखी कळवावं. यापुढे आरक्षित आसन बदलायचं झाल्यास ग्राहकाची संमती आधी घ्यावी, आणि त्याने नकार दिला तर त्याची जागा त्यालाच राहावी. तो एकटा असो की दहा जणांसोबत.

हे पैसे बँडच्या वाट्यातून कापू नयेत, ही विशेष विनंती. चूक त्यांची नाही.

मूळ ईमेल, बदललेल्या तिकिटाचा स्क्रीनशॉट आणि ग्राहक सेवेचं उत्तर सोबत जोडलं आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक तिकीटधारक श्रोता