भिंतीमागच्या दोन इंचांसाठी, तात्यांना

तात्या,
सप्रेम नमस्कार.

गॅलरीतल्या प्रदर्शनाच्या पत्रिकेवर मिस्त्रींचं नाव छापायची रीत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून कोल्हापुरात निसर्गचित्रांची मोठी परंपरा आहे. पण व्हिडिओ, मांडणशिल्प, भिंतभर पसरलेला कागद यांना सामावणाऱ्या जागा इथे कमीच. मुंबईत पैसे मोजले की चित्रं लावणारी सरावलेली माणसं मिळतात. इथे आम्हाला तुम्ही मिळालात.

आमच्या विटांच्या जुन्या भिंतीत जून ते सप्टेंबर ओल असते. तिच्यावर कागदावरचं काम थेट टांगलं की मागून ओल धरते, कागदावर तांबूस ठिपके उठतात आणि ते सहजी जात नाहीत. तुम्ही भिंतीपुढे भिंत उभी केलीत. दोन बाय दोन इंची लाकडी रीपांची चौकट, दर दोन फुटांवर उभी रीप, वर १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय. चौकट जुन्या भिंतीपासून दोन इंच पुढे आणि वर-खाली फट उघडी, म्हणजे मागे हवा खेळती. दोन शीटांमध्ये ३ मिमी जागा ठेवण्याचा हट्टही तुमचाच. पावसात प्लाय फुगतो, सांधा भिडलेला असला की पुट्टी फुटते, आणि तिरप्या उजेडात चित्राआधी ती रेघ दिसते.

या भिंतीत स्क्रू कुठेही बसतो. प्रदर्शन उतरलं की भोकं पुट्टीने बुजवायची, वाळल्यावर पॉलिश पेपर मारायचा, रंगाचा एक हात द्यायचा.

टांगण्याचं गणित तुम्ही प्लायच्या तुकड्यावर लिहून दिलंत: ५८ इंच (चित्राचा मध्य जमिनीपासून इतका वर), अधिक चित्राची निम्मी उंची, वजा फ्रेमच्या वरच्या कडेपासून कडीपर्यंतचं अंतर. म्हणजे ३० इंच उंच चित्राची कडी ६ इंच खाली असेल, तर स्क्रू जमिनीपासून ६७ इंचांवर. आणि स्क्रू दोन. एकावर चित्र हळूहळू कलतंच. मदतीला येणाऱ्या मुलांना हे आता तोंडपाठ आहे.

प्रोजेक्टरचा ब्रॅकेट प्लायला न लावता स्लॅबला लावलात, त्यामुळे दार आपटलं तरी पडद्यावरचं चित्र थरथरत नाही.

बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला. कलेला जे लागेल ते गावातच करून घ्यायची कोल्हापूरची ती खोड तुमच्या हातात आहे, आणि आमची जागा तिच्याच जिवावर चालते. मनापासून आभार, तात्या.

पाऊस ओसरला की खालची पट्टी काढून मागे बुरशी धरली आहे का, ते बघायचंय. तेव्हा या. पुढच्या प्रदर्शनात छताला टांगायचं जड शिल्प आहे. हूक कुठल्या बीमला घ्यायचा ते तुम्ही बघितल्याशिवाय आम्ही ड्रिल लावणार नाही.

तुमची,
गॅलरीतली सगळी मंडळी
कोल्हापूर