दहाव्या बारवरची चिठ्ठी

प्रिय दादा,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे. लॅपटॉपचा बिघडलेला कीबोर्ड बदलायला तुमच्या दुकानात आलेली ती काकू मी. गिटारवर शिकतेय त्या स्पॅनिश धुनेचा पहिला भाग काल रात्री सलग वाजला, कुठेही न अडखळता. घरात सांगायच्या आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. मनापासून आभार.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गिटार शिकायला गेले त्यांच्याबद्दलही बोलू द्या. क्लासवाल्या सरांनी फी आगाऊ घेतली, चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) दाखवल्या आणि पुढे काही विचारलं की "यूट्यूबवर बघा." एकदा सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "काकू, या वयात बोटं वळत नाहीत, भजनी मंडळ बघा." भजनी मंडळात मी आहेच, आणि तिथे आजवर कुणी कुणाचं वय काढलेलं नाही. ते वाक्य मात्र घरी येऊनही कानातून जाईना. गिटार हातात घेतली की तेच आठवायचं.

तुम्ही कीबोर्ड तपासायला लॅपटॉप सुरू केलात आणि स्क्रीनवर माझी फाईल दिसली. नेटवरून उतरवलेली मिडी, म्हणजे संगीताच्या नोंदींची फाईल, गिटार प्रो या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेली. दोन मिनिटं बघत राहिलात आणि म्हणालात, "काकू, हे असं कुणालाच वाजवता येणार नाही. फाईलच चुकलीये." मग समजावलंत. मिडीत कोणता स्वर, केव्हा, किती जोरात, एवढंच असतं. तो कुठल्या तारेवर दाबायचा हे नसतं. पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पाचव्या पट्टीवर, मिळतो, तिसरीच्या नवव्यावर मिळतो, चौथीच्या चौदाव्यावरही मिळतो. सॉफ्टवेअरने आपल्या अंदाजाने प्रत्येक तारेवर फ्रेटचे आकडे मांडले होते आणि मी महिनोन्महिने त्या अंदाजामागे बोटं पळवत होते. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, दादा. क्लासमध्येही ती फाईल दाखवली होती.

लॅपटॉप परत आला तेव्हा सगळी धून पहिल्या तारेवर आली होती, खाली दुसरी-तिसरी तार मोकळी. टक्सगिटार हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून तेही घालून दिलंत. त्यात वेग निम्म्यावर आणला तरी स्वर तोच राहतो, हवा तेवढाच तुकडा फिरवत ठेवता येतो. या सगळ्याचे आभार आहेतच.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते वेगळंच. धुनेचा दहावा बार, म्हणजे दहावा छोटा तुकडा. पहिलं बोट सातव्या फ्रेटवर आडवं आणि करंगळी थेट अकराव्यावर. तिथे पोचले तर आकड्यांच्या वर बारीक अक्षरांत, इंग्रजी लिपीतल्या मराठीत, तुम्ही लिहिलं होतं: "इथे करंगळी ताणेल. दुखलं की थांबा. इथे सगळेच अडकतात, मीही अडकलो होतो."

मी गिटार खाली ठेवली आणि खूप रडले. करंगळी दुखत होतीच, पण त्यासाठी नाही. "सगळेच" या शब्दात तुम्ही मलाही धरलं होतंत. हे लिहायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असेल, बिलात ते कुठेच नव्हतं, आणि मी त्या बारपर्यंत पोचेनच असं गृहीत धरून तुम्ही ते लिहून ठेवलंत. ज्याला फी दिली होती त्याला हे सुचलं नाही.

अशी माणसं असतात. एसटीत म्हाताऱ्याला खिडकीची जागा देऊन काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उभी राहतात. बँकेत स्लिप भरून देतात आणि नाव विचारायच्या आत निघून जातात. त्यांचे आभार मानायचे राहून जातात आणि कुजकं बोलणारे मात्र वर्षानुवर्षं लक्षात राहतात. माझ्यापुरता तरी हा हिशेब मला उलटा करायचा आहे.

आता धुनेचा दुसरा भाग, ई मेजर या स्वरपट्टीतला. त्याची बोटं मी स्वतःच बसवतेय, तुम्ही दाखवलंत तसं एकेक स्वर योग्य तारेवर सरकवून. पुरा झाला की फाईल घेऊन दुकानात येईन. तपासून द्या, आणि या खेपेला पैसे घ्यावे लागतील.

तुमची,
कीबोर्डवाली काकू