डब्यावरचा ‘एक्स’ आणि अडकलेली पाठवणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लग्नाच्या जुन्या सीडी-डीव्हीडी पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याबद्दल चौकट आली होती. विषय काढलात ते फार बरं केलंत. गिऱ्हाइकांना हेच सांगून मी दमलो. पण चौकटीच्या शेवटी ‘जास्तीत जास्त एक्सचा आणि शक्यतो यूएसबी ३.० चा ड्राइव्ह घ्यावा’ असा सल्ला आहे. (एक्स म्हणजे ड्राइव्हच्या वेगाचं माप.) मंगळवारी सकाळी ओगलेवाडीचे एक गृहस्थ ते कात्रण आणि नवाकोरा ड्राइव्ह घेऊन माझ्या दुकानात हजर. डब्यावर लिहिलेलं: डीव्हीडी ८ एक्स, सीडी २४ एक्स, यूएसबी ३.०, ५ जीबीपीएस. सोबत २००७ च्या लग्नाची डीव्हीडी. ती हळदीपासून पंगतीपर्यंत सुरळीत चालते आणि पाठवणी आली की चौकोन चौकोन होऊन थांबते. ती डीव्हीडी मीच करून दिलेली. म्हणून हे पत्र.

मी कराडला १९९८ पासून शूटिंग करतो. व्हीएचएसवर सुरुवात केली, २००१ ला सीडी रायटर घेतला, २००५ ला डीव्हीडीचा. सीझनमध्ये एकेका लग्नाच्या दहा-पंधरा कॉप्या माराव्या लागत, म्हणजे रायटर हेच पोट. त्यामुळे नवा रायटर आणला की शटर ओढून घेऊन आधी त्याची परीक्षा घ्यायची, ही सवय लागली. घरात याला ‘यांची बाळंतीण आली’ म्हणत. ‘निरो सीडी-डीव्हीडी स्पीड’ नावाचा एक छोटा प्रोग्राम तेव्हा सगळ्यांकडे असायचा. त्यात डिस्क घालून स्टार्ट दाबलं की पडद्यावर हिरवी रेघ चढायला लागते, तो वाचण्याचा वेग. आणि एक पिवळी, ती फिरण्याचा. वीस वर्षं मी या दोन रेघा बघत आलोय. डब्यावरच्या आकड्याचं आणि या रेघांचं फारसं जमत नाही, एवढंच मला सांगायचंय.

मुळात हा एक्स म्हणजे जुन्या पायलीसारखा आहे, मुलूख बदलला की माप बदलतं. सीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. डीव्हीडीचा एक एक्स म्हणजे १,३८५ किलोबाइट, जवळजवळ नऊपट. ब्ल्यू-रेचा तर साडेचार मेगाबाइट. त्यामुळे एकाच डब्यावर ‘सीडी २४’ आणि ‘डीव्हीडी ८’ वाचून लोकांना वाटतं, सीडी तिप्पट जोरात चालणार. प्रत्यक्षात त्या २४ चे होतात साडेतीन मेगाबाइट आणि ८ चे होतात अकरा. ओगलेवाडीच्या गृहस्थांना हे कागदावर गुणाकार करून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे दुकानदारानं मला २४ दाखवून विकला तर!”

दुसरी मेख अशी की तो आकडा डिस्कच्या फक्त बाहेरच्या काठावर मिळतो. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि हल्लीचे ड्राइव्ह ती एकाच गतीनं फिरवतात. खळ्यावरची मळणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. तिवड्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा बैल रमतगमत चालतो आणि पातीच्या बाहेरच्या टोकाला असलेला धापा टाकतो. फेरा दोघांचा एकाच वेळी पुरा होतो. तसंच, १६ एक्सचा ड्राइव्ह आत सुरुवातीला साडेसहा एक्सनंच वाचत असतो. हिरवी रेघ तिथून चढत चढत अगदी शेवटी सोळाला टेकते. ५२ एक्सचा सीडी ड्राइव्ह आतल्या बाजूला बावीसच्या आसपास असतो. आणि बहुतेकांच्या सीड्या काठापर्यंत भरलेल्याच नसतात! म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले, तो त्या ड्राइव्हला जन्मात एकदाही गाठावा लागत नाही.

लिहिण्याचंही तेच. २००६-०७ च्या सीझनला आमच्या लाइनीत सगळे १६ एक्सच्या मागे लागले होते, मीसुद्धा. घड्याळ लावून पाहिलं तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. पूर्ण भरलेली डीव्हीडी १६ ला साधारण साडेपाच-सहा मिनिटांत निघायची आणि ८ ला साडेआठ मिनिटांत. निम्मा वेग म्हणजे दुप्पट वेळ असं काही होत नव्हतं, फरक जेमतेम तीन मिनिटांचा. त्या तीन मिनिटांसाठी डिस्क मिनिटाला नऊ हजारांवर फेरे घेत होती आणि लेझरला बाहेरच्या काठावर, जिथे ज्यात लिहिलं जातं तो रंगाचा थर आधीच सगळ्यात बेभरवशाचा, तिथेच सगळ्यात घाईनं लिहावं लागत होतं. फसलेल्या डिस्का मी एका खोक्यात टाकत असे. हंगामात ऊसवाले येऊन त्या ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर म्हणून बांधायला घेऊन जायचे. कराड-पाटण रस्त्यावर रात्री चमकणाऱ्या कित्येक चकत्या माझ्या होत्या.

आता त्या पाठवणीकडे येतो. लग्नाचा व्हिडिओ क्रमानं असतो आणि डिस्क आतून बाहेर भरते. तेव्हा हळद बसते मध्यावर आणि पाठवणी काठावर. बोटांचे ठसे काठावर, वाकलेपणा काठावर, लिहिताना झालेली घाईही काठावर. म्हणून लग्नाच्या डीव्हीडीतली पाठवणी सगळ्यात आधी जाते. गेल्या दोन-तीन वर्षांत आलेल्या बहुतेक डिस्का मी याच जागी अडकलेल्या पाहिल्या. यातला माझा हातभार वेगळा कबूल करतो. त्या वर्षांत आम्ही डिस्कवर गोल कागदी स्टिकर चिकटवायचो. बदामाच्या आकारात नवरानवरी, खाली सोनेरी अक्षरात तारीख. गिऱ्हाईक खूश. पण पावसाळ्यात कागद ओल धरतो, उन्हाळ्यात आक्रसतो आणि डिस्कला वाटीसारखा बाक येतो. स्टिकर केसभर एका बाजूला बसलं असेल तर फिरताना ती हिसके देते ते वेगळंच. या गृहस्थांची डिस्क टेबलाच्या काचेवर ठेवली तर एका बाजूनं खाली पोस्टकार्ड सरकत होतं. स्टिकर आता काढायचं म्हणजे आणखी घात, कारण ओढताना सगळी चकतीच वाकते.

त्यांच्या नव्या ड्राइव्हवर रेघ काढली. तीन एक्सच्या थोडी वरून सुरुवात, छान चढली, ३.९ जीबीला आल्यावर एकदम दरीत कोसळली आणि उठलीच नाही. ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत फिरला. मग माझा २००६ चा जाड, दोन किलोच्या पेटीत बसवलेला ड्राइव्ह काढला. त्याला बंधन घातलं, ४ एक्सच्या वर जायचं नाही. हिसके कमी झाले की लेन्सला माग धरता येतो. धड असलेली डिस्क या वेगानं चौदा मिनिटांत वाचून होते. या डिस्कनं पन्नास घेतली. शेवटच्या अर्ध्या जीबीला रेघ करवतीच्या दातांसारखी वरखाली होत होती. गृहस्थ स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होते, मध्ये दोनदा चहा आला तो तसाच निवला. सगळी फाइल आली. फक्त गाडीचं दार लावतानाचे दोनेक सेकंद हिरवे-गुलाबी चौकोन आहेत. ते तसेच ठेवलेत.

यूएसबी ३.० बद्दल राहिलंच. डीव्हीडीचे आठ एक्स म्हणजे सेकंदाला अकरा मेगाबाइट. जुनी यूएसबी २.० याच्या तिप्पट माल आरामात वाहते. मग बैलगाडीसाठी सहापदरी रस्ता कशाला हवा? त्या निळ्या प्लगचा उपयोग एकच, त्यातून वीज थोडी जास्त मिळते. पातळ ड्राइव्हला फिरायला सुरुवात करताना धक्क्यासरशी करंट लागतो. कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टला लांब वायर जोडून लावला तर तो बिचारा ट्रेमध्येच तडफडतो आणि माणूस म्हणतो डिस्क खराब. मागच्या पोर्टला आखूड वायर लावा, निम्मे ‘खराब’ ड्राइव्ह बरे होतात.

असंच एकदा मलाही फसवलं गेलं, किंवा मी फसलो म्हणा. २००८ साली माझा चांगला रायटर अचानक गोगलगाय झाला. एका दुकानदारानं ‘लेन्स गेली’ म्हणून नवा गळ्यात मारला. तोही दोन आठवड्यांत तसाच. तेव्हा शांतपणे रेघ काढून पाहिली. ती चढतच नव्हती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट, टेबलावर ठेवलेल्या पट्टीसारखी. ड्राइव्ह थकला असेल तर रेघ मध्येच पडते; सपाट असेल तर कुणीतरी वाटेत दार लोटून धरलंय. विंडोज एक्सपीला केबलवर वारंवार चुका आल्या की ती त्या ड्राइव्हला गुपचूप जुन्या संथ पद्धतीवर टाकायची, जिला पीआयओ म्हणत. ड्राइव्ह संथ होतो आणि वर प्रोसेसरचा जीव जातो. माझी केबल उंदरानं कुरतडलेली निघाली. पन्नास-साठ रुपयांची. तो पहिला रायटर मग पुढे सहा वर्षं चालला.

आणि काही ड्राइव्ह मुद्दाम संथ असतात. सिनेमाची किंवा लग्नाची व्हिडिओ डीव्हीडी आहे असं ओळखलं की आवाज होऊ नये म्हणून ते स्वतःच वेगाला लगाम घालतात. बघताना ते सोयीचंच. कॉपी करताना मात्र लोक चिडतात आणि परत करायला जातात. त्यात ड्राइव्हचा दोष नाही.

वेगापेक्षा मला चुकांची मोजणी जास्त मोलाची वाटते. डीव्हीडीवर मजकुरासोबत दुरुस्तीसाठी जादा आकडे लिहिलेले असतात आणि ड्राइव्ह वाचता वाचता चुका परस्पर सुधारून घेतो. चित्र स्वच्छ दिसतं, आत डिस्क कुजत असते. काही ड्राइव्ह हा दुरुस्तीचा हिशेब बाहेर दाखवतात. सलग आठ ब्लॉकांमागे (ब्लॉक म्हणजे मजकुराचा एक ठरीव तुकडा) २८० च्या आत चुका असाव्यात, अशी डीव्हीडीची प्रमाण मर्यादा आहे. मी मारलेली ताजी चांगली डिस्क दहा-वीस दाखवते. तीच मापं घेतली तेव्हा ओगलेवाडीच्या डिस्कला मध्यावर चाळीस आणि काठाला हजाराच्या पुढे! हा आकडा ड्राइव्हगणिक बदलतो, तेव्हा शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला जुळवत बसू नये. एकाच ड्राइव्हवर दोन डिस्का ताडून पाहाव्यात.

हे सगळं आता लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयाकडे व्याख्यानमालेच्या साडेतीनशेच्या आसपास डीव्हीडी आहेत. बऱ्याच मी शूट केलेल्या. त्या हार्ड डिस्कवर घ्यायचं कमिटीनं ठरवलंय आणि पाच ड्राइव्हसाठी तीन कोटेशनं मागवली आहेत. मागणीपत्रात एकच ओळ: ‘डीव्हीडी रायटर, २४ एक्स किंवा अधिक’. कमी दराला ऑर्डर जाणार. हा २४ लिहिण्याचा वेग. वाचायच्या कामाला लिहिण्याचा एक्स! हेच अनेक ऑफिसांत चालत असणार. आपल्याच जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद नामांकनाच्या वेळच्या व्हीसीडींवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र लागतंच असा निकाल २०२० मध्ये आला. प्रमाणपत्र जोडाल हो, पण फाइलीत दहा वर्षं पिनेखाली दाबलेली चकती त्या दिवशी वाचली जायला हवी ना.

शिवाय दिवस कमी आहेत. आम्ही ज्यांच्या डिस्का शेकड्यानं घ्यायचो ती नोएडाची मोजर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. सीडी-आर ज्यांनी जगाला दिली त्या जपानच्या ताइयो युदेननं त्याआधीच हा धंदा सोडला. सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्का बनवणं थांबवलं. चांगले जाड ड्राइव्ह आता भंगारातच सापडतात. मी गेल्या महिन्यात मार्केट यार्डाजवळ दीडशे रुपयांना दोन उचलले, त्यातला एक आजच्या कुठल्याही नव्या ड्राइव्हपेक्षा सरस वाचतो.

तेव्हा वाचनालयाच्या कमिटीला आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती: कोटेशनवाल्या तिघांनाही एकेक नमुना आणायला सांगा. मी आपल्याच संग्रहातली २००९ च्या व्याख्यानमालेची तिसऱ्या दिवसाची डीव्हीडी घेऊन येतो. तिला स्टिकर आहे, काठाला बाक आहे आणि भाषणाची शेवटची वीस मिनिटं अडकतात. तिन्ही ड्राइव्हवर तीच डिस्क लावू. जो वीस मिनिटं पुरी ऐकवेल तो घ्या, मग त्याच्या डब्यावर काही का लिहिलेलं असेना. मीटिंग संध्याकाळी साडेसहाला आहे; एक्स्टेन्शन बोर्ड मी आणतो, तिथला सैल आहे.

आपला,
एक व्हिडिओवाला, कराड (जि. सातारा)

(नाव छापू नये. स्टिकरच्या गोष्टीवरून गावातल्या लोकांना कळेलच.)