‘गैरहजर’ हा शब्द खोडा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : दुखापतीमुळे स्पर्धेला मुकलेल्या खेळाडूंची ‘गैरहजर’ म्हणून होणारी नोंद

महोदय, स. न. वि. वि.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि फिगर स्केटिंग करते. आपल्या राज्यात साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद असा पूर्ण मापाचा बर्फाचा रिंक एकही नाही, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यामुळे वर्षातले बहुतेक दिवस ती पुण्यात चाकांच्या स्केट्सवर सराव करते. सुट्टी लागली की आम्ही दोघी झेलम एक्स्प्रेसने दिल्ली गाठतो आणि तिथून बसने डेहराडूनच्या बर्फाच्या रिंकवर जातो. खेळ आम्ही आमच्या मर्जीने निवडला, त्याबद्दल आपल्याकडे तक्रार नाही.

तक्रार गेल्या आठवड्यात आलेल्या एका पत्राची आहे. प्रवासखर्चासाठी मंजूर झालेली मदत रद्द केली आहे. कारण एका ओळीत : ‘खेळाडू स्पर्धेस गैरहजर.’

स्पर्धेच्या नऊ दिवस आधी तिच्या उजव्या पावलाच्या हाडाला तडा गेल्याचं कळलं. आम्ही त्याच दिवशी कळवलं. “मेडिकल जोडा, बाकी आम्ही बघतो,” असा शब्द मदत मंजूर करणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी फोनवर दिला. मी सर्टिफिकेट जोडलं, एमआरआय जोडला, औषधांची बिलंसुद्धा जोडली. आता विचारायला गेले तर सांगतात, पहिल्या एक्स-रेत फ्रॅक्चर दिसत नाही. ते कार्यालय कोणतं हे इथे लिहीत नाही, कारण मुलीला अजून खेळायचं आहे.

मंत्रिमहोदय, हा स्ट्रेस फ्रॅक्चर आहे. तो एका पडण्याने होत नाही. डावीकडे गिरकी घेणारी स्केटर जवळजवळ प्रत्येक उडी उजव्या पायावर उतरवते. उतरताना त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट भार येतो. बूट इतका ताठ असतो की घोटा मोकळेपणी वाकून धक्का झेलू शकत नाही, तो सगळा वर गुडघ्याला, कमरेला आणि खाली पावलाला जातो. डबल अ‍ॅक्सेल, म्हणजे हवेत अडीच गिरक्यांची उडी, बसवायची म्हणून ही पोर एकाच सत्रात तीस-तीस वेळा त्याच पायावर उतरत होती. हाड केसाएवढं चिरतं आणि सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छच येतो. म्हणून तर डॉक्टर एमआरआय सांगतात. तो मी कानातलं गहाण ठेवून केला. फाईल बघणाऱ्याने तो पाकिटातून बाहेरही काढलेला नाही, पाकिटाला मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी आहे.

आणि एक गोष्ट मला लिहायलाच हवी. ती तीन आठवडे पाय दुखतोय म्हणत होती. डेहराडूनच्या खोलीत रात्री क्रेप बँडेज बांधताना मी तिला म्हणाले, “थोडं सोस बाई, बर्फाचे पैसे भरलेत.” रिंकवरच्या एकेका तासाचे पैसे मोजताना माझ्या तोंडून ते गेलं. आता रोज तिचं प्लास्टर बघते आणि तेच वाक्य ऐकू येतं. मी आई असून असं बोलले, कारण आजारी पडणं आम्हाला परवडत नव्हतं. खेळाडूने दुखणं लपवावं अशीच ही व्यवस्था तुम्ही लावून ठेवली आहे.

जगात काय करतात ते बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओसाकात सराव करताना जपानी स्केटर युझुरू हान्यूचा उजवा घोटा दुखावला. तो डिसेंबरच्या जपानी राष्ट्रीय स्पर्धेत उतरलाच नाही. तरी जपानने त्याला ऑलिम्पिक संघात घेतलं आणि फेब्रुवारीत प्योंगचांगला त्याने सुवर्ण जिंकलं. १९९४ मध्ये डेट्रॉइटला अमेरिकन स्केटर नॅन्सी केरिगनच्या पायावर हल्ला झाला, तिची राष्ट्रीय स्पर्धा हुकली, अमेरिकेने तिची ऑलिम्पिकमधली जागा राखली आणि तिने लिलेहॅमरला रौप्य आणलं. २००६ मध्ये अमेरिकेच्याच मिशेल क्वानची राष्ट्रीय स्पर्धा दुखापतीने हुकली, तेव्हा समिती तिच्या सरावाच्या रिंकवर जाऊन तिचं स्केटिंग बघून आली. पुढे तुरिन ऑलिम्पिकला तिची दुखापत पुन्हा बळावली, तिने माघार घेतली आणि तिच्या जागी दुसरी मुलगी खेळली. कुणाचं काही बुडालं नाही. बीजिंग ऑलिम्पिकला २०२२ मध्ये अमेरिकेचा व्हिन्सेंट झोऊ कोविडमुळे वैयक्तिक स्पर्धेला मुकला. त्याला कुणी गैरहजर म्हटलं नाही. आंतरराष्ट्रीय निकालपत्रकात माघारीची नोंदच वेगळी असते.

ते मोठे खेळाडू होते, असं मला ऐकवलं गेलं. मोठे होण्याआधी तेही पंधरा वर्षांचे होते ना?

डेहराडूनचा रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधला आणि मग वर्षानुवर्षं कुलुपात ठेवला. २०२५ मध्ये तो पुन्हा उघडला. मधल्या काळात किती मुलांचं खेळायचं वय निघून गेलं, त्यांची गैरहजेरी कुणाच्या नावावर लावायची? आमच्या बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी एवढं मोठं संकुल उभं राहिलं, तिथे आजही बर्फ नाही. स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून कांस्य आणलं, सरकारने लगेच कोटीचं बक्षीस जाहीर केलं. ते त्याचं हक्काचंच आहे. पण पदकाच्या आधी, पाय प्लास्टरमध्ये असताना, तुमचं खातं कुठे असतं? खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला लोकांनी वर्गणी काढली होती. १९५२ साल होतं ते. आज माझ्या सोसायटीतल्या बायका व्हॉट्सअ‍ॅपवर तेच करत आहेत.

रिंक मी आज मागत नाही. दुखापत किंवा अचानक आजारपणासाठी नोंदीत वेगळा रकाना द्या. मंजूर मदत त्या कारणाने परत घेऊ नका. बरं झाल्यावर खेळाडूची चाचणी घ्या, हवं तर चाकांवर घ्या, ती देईल. आणि एमआरआय वाचू शकेल असा एक डॉक्टर त्या फाईलींवर बसवा.

येत्या गुरुवारी तिचं प्लास्टर निघणार आहे. मदत रद्द झाल्याचं पत्र तिने वाचलेलं नाही, मी ते गव्हाच्या डब्याखाली ठेवलं आहे. गुरुवारच्या आत दुसरं पत्र पाठवा.

आपली,
एका स्केटरची आई, पुणे