सही केलीय, आता सांगतेय

आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर आई, तू मध्येच "जेवलीस?" विचारलं असतंस आणि विषय तिथेच राहिला असता, म्हणून लिहितेय. नवीन कॉन्ट्रॅक्टवर सही केलीय. महिन्यातले पंधरा दिवस फ्लाइंग, पंधरा दिवस सुट्टी, आणि पगार त्या हिशोबाने कमी. नोकरी सोडलेली नाही हां, तेच पंख्याचं प्रवासी विमान, एटीआर, उडवतेय. उरलेल्या दिवसांत विमानांचे फोटो काढणार, हौस म्हणून नाही, नीट कामासारखे.

बाबा, फोंड्याच्या जागेचं लक्षात आहे. हप्ता कमी झालेल्या पगारातूनही सगळ्यात आधी जाईल, मग भाडं, मग बाकीचं. लेन्स सेकंडहँड घेतलीय. "आठवड्याची सुट्टी असतेच की" असं तुम्ही म्हणणार, पण ते 48 तास डीजीसीएने, म्हणजे विमानांचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, विश्रांतीसाठी ठेवलेत, त्यात दिवसभर उन्हात लेन्स धरून उभी राहिले आणि पहाटे सत्तरेक माणसं घेऊन उडाले तर ते मलाच पटणार नाही. आणि कॉकपिटमध्ये कॅमेरा बॅगेतच असतो. 10,000 फुटांच्या खाली तर आम्ही कामाशिवाय एक शब्द बोलत नाही, फोटो कुठले काढताय!

एअर इंडियाचं शेवटचं 747 जंबो विमान एप्रिल 2024 मध्ये मुंबईहून कायमचं गेलं, जाताना पंख हलवले त्याने, आणि मी ड्युटीवर होते. लोकांनी काढलेले फोटो मोबाईलवर बघत बसले. माझ्या ड्युटीचा रोस्टर मोकळा व्हायची वाट कुठलं विमान बघतंय?

बाबा, तुम्ही वर्कशॉपमधले म्हणून सांगते, तुम्हालाच मजा वाटेल. टेकऑफला एटीआरचा पंखा मिनिटाला 1200 फेरे घेतो. कॅमेऱ्याचं शटर 1/1000 सेकंदावर ठेवलं की पाती थिजलेली दिसतात, विमान दोरीला टांगल्यासारखं. 1/125 ठेवलं की तेवढ्यात पातं जवळजवळ 60 अंश फिरतं, आणि पाती सहा, म्हणजे अख्खी चकती भरून येते! पण तेवढा वेळ विमानाबरोबर कॅमेरा एकसारखा फिरवावा लागतो, हात जरा अडखळला की सगळं पुसट. सकाळी लवकर जावं लागतं, दुपारी रनवेवरची गरम हवा थरथरते, फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो.

हे वेड तुमच्याकडूनच आलंय खरं तर. बोगमाळोच्या म्युझियममध्ये त्या तीन शेपट्यांच्या जुन्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानापुढे मला खांद्यावर घेऊन कोण उभं राहायचं? आणि नौदलाचं हॅरियर लढाऊ विमान आलं की आई पापड झाकायला धावायची आणि मी गच्चीवर, कानात बोटं घालून. आई, दाबोळी विमानतळावर मी कॅमेरा काढणार नाही, नौदलाचा तळ आहे, मनाई आहे, मला माहितीय. पोलीस दारात येणार नाहीत. इथे बंगळुरूत यलहंकाला एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन भरतं तिथे सरळ पास काढून जाता येतं, आणि माझ्या फ्लॅटपासून ते लांबही नाही.

जेवणाचं म्हणशील तर उकडे तांदूळ मिळतात इथे, तू दिलेली सोलं अजून आहेत, बाई पोळीभाजी करून जाते. माशाचं हुमण मात्र तिला जमत नाही, तिथे तुझी आठवण येते.

आता तुमचं. माझं मेडिकल दरवर्षी होतं, कान, डोळे, ईसीजी, रक्त, सगळं. तुम्ही दोघांनी शेवटचं रक्त कधी तपासलं? बाबांनी बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, सप्ताहाच्या गर्दीत उभी राहू नकोस, गुडघ्याचं ऐक. रागावतेय असं समजू नका, इथून दुसरं काय करता येतं मला.

चवथीला येतेय, ते दिवस आधीच मागून ठेवलेत. गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, मी पोचेपर्यंत नारळ तसेच खाली राहू देत.

तुमची,
बाय