लार्स, डाग आणि खानदानी नावांची यादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मुलग्यांसाठी ‘खानदानी युरोपीय नावां’ची यादी वाचली. तीत मॅग्नस, अ‍ॅक्सेल, लार्स आणि ऑस्कर ही ‘व्हायकिंग योद्ध्यांची नावे’ म्हणून दिली आहेत. या चौघांपैकी मूळचे नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतले, एकही नाही. मॅग्नस म्हणजे लॅटिनमध्ये ‘थोर’. शार्लमेन बादशहाची ही उपाधी अकराव्या शतकात नॉर्वेच्या राजघराण्यात नाव म्हणून शिरली. लार्स हे लॉरेन्शियस या संताचे झिजून उरलेले रूप. अ‍ॅक्सेल हा बायबलातल्या अ‍ॅबसलोमचा डॅनिश अपभ्रंश. ऑस्करची कथा तर अजबच. हे नाव अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये ऑसियन या दंतकथेतल्या कवीच्या नावावर छापल्या गेलेल्या काव्यांतले. नेपोलियनला त्या काव्यांचे वेड होते, आणि त्याचा सरदार बर्नादोत याला १७९९ साली मुलगा झाला त्याचे नाव ऑस्कर ठेवले गेले. पुढे १८१० साली स्वीडनने बर्नादोतला युवराज म्हणून निवडले, १८४४ साली ऑस्कर गादीवर आला आणि नाव स्वीडिश होऊन बसले. खरी नॉर्स नावे हवी असतील तर ती हाराल्ड, सिगुर्ड, गुन्नार, एरिक, ब्यर्न (अस्वल), उल्फ (लांडगा), स्वेन (तरुण मुलगा) ही.

अर्थांतल्या चुका एकवेळ चालतील. यादीतला ‘खानदानी’ हा शब्द मात्र पालकांना सरळ चकवतो, कारण नावातली प्रतिष्ठा ऐकू येते ती त्याच देशातल्या माणसांना. ह्यूगो हे नाव इंग्लंडमध्ये उच्चारले की महागडी निवासी शाळा डोळ्यांपुढे येते. स्वीडनमध्ये तेच नाव गेली अनेक वर्षे सर्वांत जास्त ठेवल्या जाणाऱ्या नावांत आहे, म्हणजे आपल्याकडच्या अथर्वसारखे. याच्या उलट रॉनी, कॉनी, बेनी, जॉनी. आपल्याला ही आधुनिक, चटपटीत वाटतात. स्वीडनमध्ये शेवटी ‘वाय’ असलेल्या या इंग्रजी वळणाच्या नावांची कामगार वस्तीतली म्हणून थट्टा होते. डेन्मार्कमध्ये ती जागा ब्रायनची, जर्मनीत केविनची. इंग्रजी नाव ठेवले की मुलगा वरच्या वर्गातला वाटेल, हा हिशेब तिकडे नेमका उलटा पडतो.

मग तिकडची जुनी घराणी ओळखायची कशी? बरेचदा स्पेलिंगवरून. १९०६ साली स्वीडिश शुद्धलेखन सुधारले आणि ‘व्ह’ या उच्चारासाठी ‘एफ’ लिहिणे बंद झाले. व्यवहारात गुस्तावच्या शेवटी ‘व्ही’ रुळला, पण अनेक जुन्या घराण्यांनी ‘एफ’ सोडला नाही. कार्ल ‘के’ऐवजी ‘सी’ने, क्लास ‘सी’ने आणि मध्ये ‘एई’ घालून, विल्हेल्म ‘डब्ल्यू’ने अशी ही जुनी वळणे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे इंग्रजी स्पेलिंग पाहून आपल्याला जे कळते, तेच स्वीडिश माणसाला त्या ‘सी’वरून आणि ‘एफ’वरून कळते. म्हणून देवनागरीत नुसते ‘कार्ल’ छापून यादीने निम्मी माहिती गाळली आहे.

दुसरी खूण म्हणजे पुनरावृत्ती. डेन्मार्कच्या गादीवर सोळाव्या शतकापासून १९७२ साली राणी मार्गारेट येईपर्यंत क्रिस्तियान आणि फ्रेडरिक ही दोनच नावे आलटून पालटून आली. २०२४ साली फ्रेडरिक दहावे राजे झाले आणि त्यांचा युवराज पुन्हा क्रिस्तियान. आजोबांचे नाव नातवाला, ही रीत आपल्याला नवी नाही: बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव आणि बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी. त्या अर्थाने नातवाचे नाव वामन ठेवणारे कोकणातले घर डॅनिश राजघराण्याच्या जास्त जवळ आहे. नातवाला थॉर म्हणणारे नव्हे.

नावाला वय असते, हेही यादीत नाही. लार्स, शेल, योरान ही स्वीडनमध्ये आज आजोबांची नावे आहेत, आपल्याकडच्या दत्तात्रय-यशवंतांसारखी. आजोबांचे नाव पुन्हा पाळण्यात यायला साधारण तीन पिढ्या जाव्या लागतात. ह्यूगो, ऑस्कर, अ‍ॅक्सेल तशी परत आली, लार्सची पाळी अजून आलेली नाही. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या तिन्ही देशांच्या सांख्यिकी खात्यांच्या संकेतस्थळांवर एखादे नाव किती जणांचे आहे ते फुकट पाहता येते. नुसता आकडा पाहू नये. कोणत्या दशकात नाव चढले आणि कधी उतरले, ते पाहावे.

आता उच्चार. यादीतले बहुतेक इंग्रजी वळणाचे आहेत आणि सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. ‘जे’ अक्षराचा उच्चार तिकडे ‘य’: येन्स, योहान. नॉर्वेत जोडून आलेले दोन ‘ए’ म्हणजे ‘ओ’, म्हणून युवराजांचे नाव हाकोन नाही, होकून. लेफला नॉर्वेत ‘लाइफ’च्या जवळचे म्हणतात, ‘लीफ’ कुणीच नाही. स्वीडिशमध्ये ‘के’पुढे ‘आय’ किंवा ‘ई’ आला की उच्चार ‘श’कडे झुकतो आणि ‘जी’ ‘य’ होतो. ‘आर’ आणि ‘एस’ शेजारी आले की मध्य स्वीडनमध्ये दोन्ही मिळून ‘श’ होतात, त्यामुळे यादीतला लार्स स्टॉकहोममध्ये ऐकू येतो ‘लाश’. नातवाला भेटायला गेलेल्या आजीने ही हाक रोज ऐकायची आहे, याचा विचार पाळण्याची दोरी ओढण्याआधी करावा. डाग हेही नाव यादीत आहे, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस डाग हामरशोल्ड यांचे. अर्थ ‘दिवस’, सुंदरच. उच्चार मात्र आपल्या शर्टावरच्या डागासारखा. आइसलँडमधले आरी हे नाव गरुडावरून आले आहे. ते इंग्रजीवरून परत देवनागरीत आणताना ‘अरि’ झाले, तर संस्कृतात शत्रू.

हेच नियम तिकडे गेलेल्या आपल्या नावांनाही लागतात. जयेश पहिल्या वाचनात ‘यायेश’ होतो, गिरीश ‘यीरिश’, किरण ‘शिरान’, हर्ष ‘हाश’, पार्थचा ‘पार्ट’. आर्यन हे नाव युरोपात टाळलेलेच बरे. तिथल्या कानांना त्यात नाझींचा वंशवाद ऐकू येतो आणि मुलाला जन्मभर खुलासे करत बसावे लागते. नील, मिलन अशी नावे दोन्हीकडे फारशी न मोडता चालतात. कसोटी सोपी आहे: नाव रोमन लिपीत कागदावर लिहावे, स्वतः न उच्चारता तिथल्या दोन-तीन वेगवेगळ्या वयाच्या माणसांना वाचायला द्यावे, आणि तिघांचे उच्चार तीन निघाले तर नाव बदलावे.

कागदपत्रांचे थोडे. नाव नोंदवायला स्वीडनमध्ये जन्मापासून तीन महिने, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये सहा महिने मिळतात. इंग्लंडमध्ये जन्माची नोंदच ४२ दिवसांत करावी लागते. डेन्मार्कमध्ये मान्य नावांची सरकारी यादी आहे, नाव तीत नसेल तर वेगळा अर्ज. स्वीडनमध्ये १९९६ साली मुलाचे नाव वेळेत न नोंदवल्याबद्दल ५,००० क्रोनर दंड झालेल्या पालकांनी निषेध म्हणून ४३ अक्षरा-अंकांचे नाव दाखल केले आणि त्याचा उच्चार ‘अल्बिन’ असल्याचे सांगितले. न्यायालयाने ते फेटाळले.

मराठी घरांची अडचण वडिलांच्या नावाची. स्वीडनमध्ये जुलै २०१७ पासून नव्याने मधले नाव घेता येत नाही. वडिलांचे नाव हवे असेल तर ते दुसरे पहिले-नाव म्हणून लिहावे लागते. त्याचा फायदाही आहे. तिथे एकापेक्षा जास्त पहिली नावे चालतात आणि त्यांतले हाकेचे कोणते, याची नोंद करता येते. राजे कार्ल गुस्ताफ यांचीच चार आहेत: कार्ल गुस्ताफ फोल्के हुबेर्टुस. तेव्हा आजोबांचे, वडिलांचे आणि तिकडचे अशी तिन्ही नावे भांडण न होता बसतात. भारतीय पासपोर्टवर मात्र नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. दोन्ही देशांत नावांचा क्रम आणि स्पेलिंग तंतोतंत एकच ठेवावे. टिंबे किंवा आडवी रेघ असलेली स्वीडिश-डॅनिश अक्षरे नावात नसलेलीच बरी. पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत ती बसत नाहीत, एकाच ब्यर्नचे एका कागदावर ‘ओ’ने आणि दुसऱ्यावर ‘ओई’ने स्पेलिंग होते आणि दोघे वेगळे इसम ठरतात. भारतीय नागरिकत्व ठेवायचे असेल तर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. नावावरचा घोळ मिटेपर्यंत थांबलेल्यांची ही मुदत हातची जाते.

महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलासाठी तिकडचे नाव निवडणाऱ्यांनाही एक सूचना. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली तरी नाव मागाहून घालता येते, बारा महिन्यांपर्यंत विलंब शुल्काशिवाय. देवनागरी आणि रोमन दोन्ही स्पेलिंगे त्याच वेळी पक्की करावीत, पुढे राजपत्राची वारी वाचते.

पुढच्या यादीत जुळ्यांसाठी जागा ठेवणार असाल, तर ऑड आणि एव्हन (रोमन लिपीत Odd आणि Even) ही नॉर्वेतली दोन खरीखुरी नावे जरूर घ्या. ऑड म्हणजे शस्त्राचे टोक. फक्त ते कुटुंब लंडनला जाणार नाही ना, एवढे विचारून घ्या.

आपला,
एक वाचक, पुणे